गोठा न पाहिलेला जनावरांचा डॉक्टर

नीटचा निकाल लागला की कबनूर, इचलकरंजी, हातकणंगले या भागातले पालक माझ्याकडे येऊ लागतात. प्रश्न बहुधा एकच असतो. "डॉक्टर, एमबीबीएसला थोडे मार्क कमी पडतील असं दिसतंय. मग तुमचं व्हेटर्नरी घेतलं तर कसं?" मुलगा किंवा मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. मी उलट तिलाच विचारतो, "कधी म्हशीची धार काढलीस? गाय विताना पाहिलीस?" उत्तर बहुतेक वेळा नाही असेच येते.

यात मुलांचा दोष नाही. आपल्याकडे पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश देताना हा प्रश्न कोणी विचारतच नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नीटचे गुण एवढ्यावर यादी लागते. जन्मात शेळीच्या अंगाला हात न लावलेला मुलगाही शिरवळ, मुंबई, परभणी, उदगीर किंवा नागपूरच्या महाविद्यालयात जाऊ शकतो. इंग्लंड-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गोठ्यात, दवाखान्यात किती दिवस काम केले याचा हिशेब अर्जातच मागतात. आपल्याकडेही तसा नियम करावा असे माझे म्हणणे नाही. उद्या नियम झाला तर परवा त्याचे दाखले विकत मिळू लागतील. पण सरकार विचारत नाही म्हणून घरानेही विचारू नये, हे मला पटत नाही.

हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, त्यात शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. जनावराचा वास, शेण, रक्त, रात्री-अपरात्रीचे बोलावणे हे आपल्याला जमेल का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळून उपयोग काय? तोवर घरचे पैसे गेलेले असतात, आणि ज्याला खरोखर यायचे होते अशा एखाद्या मुलाची जागाही गेलेली असते. मग पदवी हातात पडताच स्पर्धा परीक्षा नाहीतर बँक. तो रस्ता वाईट नाही, पण अडलेल्या गाईजवळ बसलेल्या शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

कबनूर आता यंत्रमागाचे गाव झाले आहे. खटखटाटात वाढलेल्या पोरांना दावण माहीत नसते हे खरे. पण गोठे संपलेले नाहीत. 'गोकुळ' १९६३ साली सुरू झाला, त्यानंतर जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था उभ्या राहिल्या. सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या दारात उभे राहिले तरी कोणाकडे किती जनावरे हे कळते. दहावीच्या सुट्टीत, नाही जमले तर अकरावीच्या दिवाळीत, एखाद्या ओळखीच्या गोठ्यावर महिनाभर रोज जावे. पहाटे पाचला. वैरण टाकावी, शेण काढावे, धार काढायला शिकावे. पैसे मागू नयेत आणि गोठ्याच्या मालकाला शहाणपण शिकवू नये.

"मुलीला कुठं गोठ्यात पाठवायची?" असे एका गृहस्थांनी मला विचारले. त्यांच्या स्वतःच्या घरी दोन म्हशी, आणि त्यांचे सगळे आई आणि बायकोच करतात! आज पशुवैद्यकीय महाविद्यालयांत मुली जातात आणि गावोगावी चांगले काम करतात. गोठ्याची त्यांना अडचण नाही.

पाहायचे काय? निरोगी जनावर आधी पाहावे. रवंथ कसे करते, शेण कसे टाकते, कान कुठे ठेवते. गाईच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली तर दोन मिनिटांत पोटाची दोन-तीन आंदोलने हाताला लागतात. ज्याच्या हाताला ती सवय झाली त्याला बंद पडलेले पोट ओळखायला पुस्तक लागत नाही. ताप मोजायला शिकावे. मोठ्या गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते तिचे रोजचे. गाय साधारण नऊ महिने नऊ दिवस गाभण असते, म्हैस दहा महिन्यांच्या वर. एकदा तरी रात्र जागून वेत पाहावे. आणि जमल्यास एका आजारी जनावराजवळ शेवटपर्यंत थांबावे, मग ते उठो की न उठो. २०२२ साली लंपी आला तेव्हा ज्या मुलांनी आपल्या बैलाच्या अंगावरच्या गाठी रोज धुतल्या, त्यांना रोग म्हणजे काय आणि शेतकऱ्याचे नुकसान म्हणजे काय हे एकदमच कळले.

आता आरोग्याच्या सदरात हे सगळे कशाला, असे वाचक विचारतील. कारण गोठ्यात शिकायला जाणाऱ्या पोराच्या जिवालाही धोका असतो, आणि तो घरच्यांना ठाऊक हवा.

सगळ्यात मोठा धोका पिसाळीचा. म्हैस लाळ गाळते, पाणी गिळता येत नाही, सारखी ओरडते. लोक म्हणतात घशात काहीतरी अडकले, आणि कोपरापर्यंत हात घालून पाहतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी तिला कुत्रे चावलेले असते आणि ते कोणाच्या लक्षातही नसते. शिकाऊ मुलाने लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, मग मालक कितीही म्हणो. लाळ जखमेवर लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. हा रोग एकदा दिसू लागला की त्यावर इलाज नाही. ज्याला या धंद्यात यायचेच आहे त्याने कुत्रे चावण्याची वाट न पाहता प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी. पहिला दिवस, सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा अशी तीन इंजेक्शने. लस घेतलेल्यालाही चावा झाल्यावर दोन डोस पुन्हा घ्यावे लागतात, पण सीरमची गरज पडत नाही.

दुसरा धोका गाभडलेल्या जनावराचा. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली तर ते सांसर्गिक गर्भपाताचे, म्हणजे ब्रुसेलाचे असू शकते. त्या वारेला, पडलेल्या गर्भाला उघडा हात लागला तर माणसाला महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी होते, आणि कित्येकदा टायफॉइड समजून औषधे चालतात. हातमोजे नसतील तर लांबून पाहावे. घरात गाभडलेल्या गाईचे कच्चे दूध तर कोणीच पिऊ नये. वासरांना या रोगाची लस देत असतील तेव्हाही पोरांनी दूर राहावे, कारण लस जिवंत जंतूंची असते.

इंजेक्शनचे मात्र नावच काढायचे नाही. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार हे नोंदणीकृत डॉक्टरचे काम आहे. महिनाभर गोठ्यात राहिलेल्या मुलाला गल्लीतली माणसे लगेच "डॉक्टर" म्हणू लागतात आणि तो फुगतो. ती हौस बापाने वेळीच मोडावी.

राहिला नीटच्या अभ्यासाचा प्रश्न. पहाटेचे दोन तास गेले तर मार्क कमी होतील, ही भीती मी बऱ्याच घरांत ऐकतो. म्हणूनच मी दहावीची सुट्टी म्हणतो, बारावीचे वर्ष नव्हे. त्या सुट्टीत बहुतेक मुले क्लासची पायाभरणी नावाची बॅच करतात आणि पालक त्याची फी भरतात. गोठ्याला फी नाही. गमबूट, साबणाची वडी, ताप मोजायची नळी आणि एक शंभरपानी वही, एवढेच सामान लागते.