कृत्तिका आणि आमची जीप

गेल्या कार्तिकात अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. संतपुराहून तो प्रथम बीदरला, तेथून बेंगळूरला आणि पुढे समुद्रापार गेला. मराठी मात्र त्याने सोडलेली नाही. कुशल वर्तमान दोन ओळींत आटोपून उरलेले सारे पत्र त्याने आपल्या मोटारीवर खर्ची घातले होते. गाडी सुबारू कंपनीची, आउटबॅक नावाची, २००३ सालची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. इंजिनाच्या सांध्यातून तेल-पाणी झिरपू लागले आहे, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा अधिक सांगतात आणि सौभाग्यवतींचे मत गाडी काढून टाकावी असे आहे. शेवटी त्याने विचारले होते, "गुरुजी, तुमची जीप अजून आहे ना? मग मला सांगा, जुनी गाडी माणसाने ठेवावी तरी कशासाठी?"

शाळेत असताना या मुलाने मला इतका अवघड प्रश्न कधी विचारला नव्हता. त्याला पाठविलेल्या उत्तरातूनच या महिन्याचे हे लेखन निघाले आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या अनेक वाचकांच्या अंगणातही एखादी जीप ताडपत्रीखाली उभी असेल, तेव्हा विषय अगदीच परका ठरणार नाही.

आधी त्याच्या गाडीविषयी. सुबारू हा जपानी शब्द. त्याचा अर्थ कृत्तिका. कंपनीच्या बोधचिन्हात सहा तारे आहेत, एक मोठा आणि पाच लहान. १९५३ साली पाच कंपन्यांनी मिळून फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी केली, तिचे ते स्मारक आहे. आपल्याकडेही कृत्तिका सहाच मानल्या आहेत, कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या. मराठीच्या मास्तराला एवढा धागा पुरतो. या कंपनीने चारही चाकांना जोर देणारी मोटार केली, तीही हौसेपोटी नव्हे. जपानच्या ईशान्य भागातील तोहोकू वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात बर्फ तुडवीत डोंगरातील तारांची देखभाल करावी लागे. जीप चाले, पण तीत थंडीने हाल होत. जीपसारखी चालणारी आणि घरच्या गाडीसारखी ऊबदार अशी मोटार त्यांनी मागितली आणि त्यातून १९७२ साली लिओनी नावाची गाडी बाजारात आली. आपल्या देशातही या शतकाच्या पहिल्या दशकात सुबारूची फॉरेस्टर ही गाडी शेवरले या नावाने काही वर्षे विकली गेली. पुढे शेवरलेचाच येथील व्यापार २०१७ साली बंद झाला. ज्यांनी ती गाडी घेतली त्यांना सुट्या भागांसाठी किती वणवण करावी लागत असेल, हे मी जीपवरून ताडू शकतो.

आता आमची जीप. १९६८ सालची महिंद्राची सी.जे. ३ बी, मूळची एका सरकारी कार्यालयाची. १९८३ साली ती लिलावात निघाली आणि तीर्थरूपांनी घेतली. घरात तेव्हा बैलजोडी होती, सायकल होती, आणि या दोहोंच्या मधले काहीच नव्हते. आई चार दिवस बोलली नाही.

महिंद्रांच्या या व्यवसायाची हकीगत मोठी मनोरंजक आहे. १९४५ साली लुधियान्यात कंपनी निघाली ती महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने. त्यातील गुलाम मोहम्मद हे निजामाच्या सरकारात अर्थखाते सांभाळलेले गृहस्थ, म्हणजे एका परीने आमच्याच बीदरचे जुने कारभारी. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीच्या नावातील मोहम्मद गेले आणि दुसरे महिंद्रा आले. अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप ते मुंबईत जोडू लागले आणि हळूहळू ती येथेच घडवू लागले. सी.जे. ३ बी हा नमुना अमेरिकेत १९५३ साली निघाला आणि १९६८ साली बंद पडला. आपल्याकडे मात्र त्याचा सांगाडा त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिला. तिचे बॉनेट जरा अधिक उंच दिसते, कारण आतले हरिकेन नावाचे पेट्रोल इंजीन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते. आणि जुनी जीप घेणाऱ्याने सावध असावे, हा धडा तर या देशाने आरंभीच गिरवला आहे. काश्मीरची लढाई चालू असताना १९४८ साली लंडनमार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मागविण्यात आल्या. त्यातील १५५ मद्रासला उतरल्या त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला घोटाळा तो हाच.

असो. जीप घेतली तेव्हा तीर्थरूपांना तिच्यातील दोन छोट्या दांड्यांचे मर्म कोणी समजावून दिले नव्हते. त्यातील एक दांडी पुढच्या चाकांना जोर जोडते आणि दुसरी गती कमी करून ओढ सुमारे अडीच पट वाढवते. गाव सोडून शेताच्या वाटेला लागले की काळी जमीन सुरू होते, आणि मृगाच्या दोन पावसांत ती अशी फुगते की चाकाला लगडलेला चिखल मडगार्डला जाऊन भिडतो. तेथे या दांड्या म्हणजे देवच. पण देवाला केव्हा हाक मारू नये हे आम्ही फार उशिरा शिकलो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडेही भांडी पडली, माणसे बाहेर धावली. दुसऱ्या दिवशी गावातून भाकरी, घोंगड्या आणि पाण्याची पिंपे गोळा झाली आणि जीपच्या मागे छकडा जोडून आम्ही पाच जण उदगीर-निलंग्याच्या वाटेने निघालो. मी तेव्हा तेविशीत होतो. वर पाऊस लागलेला, खाली वाहनांनी तुडवून चिखल झालेल्या वाटा. शेवटच्या टप्प्यात पुढे गेलेल्या मालमोटारी रुतून उभ्या होत्या आणि आमची जीप खालच्या गतीत, माणसाच्या चालीने, त्यांच्या बाजूने निघून गेली. तिथे जे पाहिले ते येथे लिहिण्याचा विषय नव्हे. तीन दिवस आम्ही दगड-मातीच्या त्या ढिगाऱ्यांतून वाहतूक केली. परतताना कोणाचेच चित्त ठिकाणावर नव्हते. तीर्थरूपांनी डांबरी सडक लागल्यावरही पुढची दांडी सोडली नाही. निलंगा ओलांडल्यावर सुकाणू जड झाले, गाडी वळणावर अडखळू लागली आणि एका वळणावर मोठा आवाज होऊन पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला.

उदगीरच्या उस्तादांनी तो तुटका क्रॉस हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "सडक पे चारों चलाए क्या, मास्टरसाब के अब्बा?" मग खडूने फरशीवर आकृती काढून त्यांनी जे सांगितले ते मी आजतागायत मुलांना शिकवतो. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांहून लांबचा रस्ता चालतात. डाव्या-उजव्या चाकांतील फरक क्राऊन पोटात घेतो. पण जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट यांच्यामधला फरक घेणारे काहीच नाही, दोन्ही एकमेकांना घट्ट बांधलेले. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही. ताण साचत जातो, पीळ बसत जातो आणि सर्वांत अशक्त जागा तुटते. पहिल्या सुबारूलाही अशीच दांडी होती आणि तिलाही हाच नियम. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मधोमध आणखी एक डिफरन्शियल घातले, म्हणून माझ्या विद्यार्थ्याची गाडी कोरड्या सडकेवरही चारही चाकांनी बिनदिक्कत चालते. मात्र त्याला मी बजावले की एक टायर फुटला म्हणून एकच नवा घालू नकोस. नवा टायर झिजलेल्यापेक्षा घेराने मोठा. मधले यंत्र सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखे राबत राहील आणि तापून जाईल. पाव इंचाचा फरकही त्या गाड्यांना जड जातो. त्याने उलट टपाली कळविले की गेल्या वर्षी त्याने नेमके हेच केले होते!

इंजिनाच्या बाबतीत मी त्याला दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. सुबारूच्या इंजिनात सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले असतात. त्या काळच्या अडीच लिटर इंजिनांची हेड गॅस्केट झिरपते ही सर्वज्ञात व्याधी आहे. अनेकपदरी पोलादी गॅस्केट घातले की ती सहसा परतत नाही. आणि इंजीन उघडलेच आहे तर टायमिंगचा पट्टा आणि पाण्याचा पंप त्याच मजुरीत बदलून घ्यावा. तो पट्टा १,०५,००० मैलांना बदलायचा असतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून सगळेच संपते. सांगाडा मात्र आधी खालून पाहावा. तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि मिठाने कुजलेल्या सांगाड्याला कोणतेही गॅस्केट वाचवू शकत नाही.

फेरफाराविषयी माझी मते जरा कडक आहेत. तीर्थरूपांनी १९९१ साली मूळ पेट्रोल इंजीन काढून डिझेल बसवले, कारण लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी गाडी शेतकऱ्याला परवडत नाही. अपघातात सापडलेल्या दुसऱ्या एका जीपमधले ते एक्सडीपी ४.९० इंजीन, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने महिंद्रांनी बनवलेले. तीर्थरूपांनी कचेरीत चार खेपा घालून ते आर.सी. बुकात चढवून घेतले, म्हणून आज मी निर्धास्त आहे. मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. पण त्या वेळी एक चूक झालीच. इंजीन जड झाले आणि ब्रेक तेच राहिले. पुढचे पाटे बसले, गाडी नाक खाली करून चालू लागली, आणि ओल्या ड्रमांनी एकदा मला सरळ ज्वारीच्या उभ्या पिकात नेले. नंतर पाट्यांत एकेक पान वाढवले आणि मोठे ड्रम घातले. हा क्रम उलटा असायला हवा होता. आधी थांबण्याची सोय, मग धावण्याची. हल्ली तरुण मंडळी जीपला हातभर रुंद टायर लावतात. सुकाणू जड होते, बेअरिंगे लवकर जातात आणि कंपनीच्या ६.००-१६ मापाचा अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थराला पोहोचतो, तेथे हा वरच्यावर तरंगतो. पण बाजारात उभी केली की चार लोक वळून पाहतात हे खरे.

जुनी जीप घेऊ पाहणाऱ्याने रंगाकडे पाहू नये. पाट्यांच्या आधारांपाशी चासीला तडा आहे का ते पाहावे. पन्नासच्या गतीला सुकाणू थडथडते का पाहावे. तसे असेल तर किंगपिनची बेअरिंगे झिजलेली असतात. हँडब्रेकचा ड्रम या गाडीत चाकावर नसून मागच्या शाफ्टच्या आरंभी असतो. तेथले सील गळले की तेल ब्रेकवर उतरते आणि चढावर गाडी उभी राहात नाही. त्यासाठी गाडीत एक दगड ठेवण्याची आमच्या भागात पद्धत आहे. आमचा दगड सव्वीस वर्षांचा आहे.

आता जे चालले आहे ते सांगतो. जीपच्या नोंदणीची मुदत या फाल्गुनात संपते. वीस वर्षांवरील मोटारींच्या फेरनोंदणीचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार रुपये केले. २०२२पूर्वी ते सहाशे होते. चिरंजीव हिशेब मांडून बसले आहेत. त्यातच हैदराबादच्या एका हौशी गृहस्थांनी निरोप पाठविला. मूळ हरिकेन इंजीन आमच्या गोठ्यात कडब्याशेजारी पोत्यात गुंडाळलेले आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले. तीर्थरूप दर दिवाळीला त्याच्या सिलिंडरांत तेल सोडून ते हाताने फिरवीत असत. त्यांच्या पश्चात मी फिरवतो. ते इंजीन परत बसवले की गाडी मूळ रूपात येईल आणि जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील ऐतिहासिक वाहन म्हणून तिची नोंद होऊ शकेल, असा त्या गृहस्थांचा बेत. देऊ केलेली रक्कम माझ्या चार महिन्यांच्या वेतनाइतकी आहे. पण त्या नियमांत असेही आहे की अशी नोंद झालेले वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वा इंधन यांसारख्या कारणांखेरीज नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

मी दोन रात्री विचार केला. बायकोला विचारले, ती म्हणाली, "तुमची गाडी, तुमचे इंजीन, मला कशाला विचारता?" याचा अर्थ तीस वर्षांच्या संसारानंतर मला कळतो. उदगीरच्या उस्तादांचा मुलगा आता गॅरेज पाहतो, म्हाताऱ्या उस्तादांनी खाटेवरूनच सांगितले, "गाडी नक्को बेचो. इंजीन बेचो." तोडगा वाईट नाही. मी हैदराबादला तसे कळविले आहे. त्यांच्याकडे म्हणे इंजिनावाचून एक सी.जे. ३ बी उभी आहेच.

तूर्त पुढच्या हबांतील ग्रीस बदलणे, चारही ड्रम उघडून साफ करणे आणि डाव्या मागच्या पाट्याचा बुश घालणे एवढी कामे पासिंगपूर्वी उरकायची आहेत. येत्या रविवारी ती जमतील असे वाटते. विद्यार्थ्याचे गॅस्केट बदलून झाल्याचे पत्र परवा आले. चारही टायर त्याने एकाच मापाचे घेतले आहेत.