गिरविलेली रेघ

उज्जैनच्या क्षिप्राकाठी, काळभैरवाच्या मंदिराजवळ भैरवगढ नावाची वस्ती आहे. बाटिकच्या कापडांसाठी ती ओळखली जाते. वितळलेले मेण जेथे लागले तेथे रंग चढत नाही. म्हणून हात चुकला तर खोडण्याची सोय नसते. असा हात तयार होतो तो जुनी नक्षी गिरवूनच. आपण मात्र नक्कल हा शब्द नेहमी नाक मुरडून उच्चारतो!

इंग्लंडचा कलासमीक्षक जॉन रस्किन 1845 साली इटलीतील लुक्का नगरीच्या कॅथेड्रलात गेला. तेथे इलारिया देल कारेत्तो हिची संगमरवरी समाधी आहे. ही तरुण सरदारपत्नी 1405 साली बाळंतपणात वारली. शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चा याने तिला शांत निजलेली दाखविली असून पायाशी तिचा इमानी कुत्रा आहे. रस्किन त्या मूर्तीने भारावून गेला. पण गंमत पाहा, 1874 साली, पंचावन्न वर्षांचा झाल्यावर, तो पुन्हा तेथे गेला आणि पेन्सिल व रंग घेऊन तिची चित्रे काढीत बसला. ज्या मूर्तीविषयी लिहून झाले होते, तिच्यापाशी शब्दांनी भागत नव्हते, असेच आम्हांस वाटते. पापणीची कड कोठे संपते आणि गालाची सावली कोठे सुरू होते, हे रेघ ओढू लागल्यावाचून कळत नाही.

ज्यांना इटलीस जाणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात मायकेलॅंजेलोच्या दाविदाचा प्लॅस्टरचा भव्य साचेपुतळा होता. हीच पद्धत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आली. शाळा 1857 साली सुरू झाली आणि 1865 साली लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक तेथे रुजू झाले. आपली मुले परदेशी पुतळ्यांच्या प्लॅस्टरवरून चित्रे काढू लागली. त्यांची नजर घडली, यात संशय नाही. परंतु खाडीपलीकडे घारापुरीची त्रिमूर्ती उभी असताना पांढऱ्या प्लॅस्टरपुढे बसावे, हे आम्हांस खटकते. ग्रिफिथ्सनाही ते उमगले असावे. 1872 पासून त्यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. लंडनला पाठविलेल्या त्यांतील पुष्कळ 1885 च्या आगीत जळाल्या.

उज्जैनचेच मराठी चित्रकार विष्णु श्रीधर वाकणकर यांनी हीच वाट पुढे चालविली. 1957 साली त्यांच्या दृष्टीस भीमबेटकाच्या गुहा पडल्या आणि आदिमानवाची चित्रे त्यांनी वर्षानुवर्षे, स्वतःच्या हाताने, कागदावर उतरविली.