तान्ह्याचे दूध आणि थोरांचा पेला

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते. माया आणि शुश्रूषा यांपुरते ते खरेही आहे. परंतु या म्हणण्याचा आधार घेऊन कोणी आजारातून उठलेल्या आजोबांना किंवा दात गेलेल्या आजीला तान्ह्या मुलांच्या डब्यातील भुकटी कालवून देऊ लागले, तर मात्र थांबून विचार केला पाहिजे. व्यायामशाळेत जाणारे काही तरुणही या डब्याकडे आशेने पाहतात. जे तान्ह्याला पचते ते कोणालाही पचेल आणि ज्याने तान्हे वाढते त्याने थोरही पुष्ट होईल, असा हा सरळ दिसणारा हिशेब आहे. तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

आधी पुष्टीचे पाहू. गाईचे वासरू दोन महिन्यांच्या आत जन्मवेळेच्या दुप्पट वजनाचे होते. माणसाच्या मुलाला त्यासाठी सुमारे पाच महिने लागतात. निसर्गाने दुधाची घडण त्याच मानाने केली आहे. शंभर मिलिलिटर आईच्या दुधात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात, गाईच्या दुधात तीन ग्रॅमांहून थोडी अधिक आणि म्हशीच्या दुधात चारच्या आसपास. तान्ह्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांना एवढी प्रथिने झेपत नाहीत. म्हणून डब्याची भुकटी करताना प्रथिने मुद्दाम कमी करतात, दुग्धशर्करा वाढवितात, वनस्पतींची तेले घालतात आणि लोह व जीवनसत्त्वे मिसळतात. सांगितलेल्या प्रमाणात कालवल्यावर त्या दुधाच्या शंभर मिलिलिटरांत सुमारे दीड ग्रॅमपेक्षाही कमी प्रथिने उरतात.

आता थोराची गरज पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. तेवढी गाईच्या दीड लिटर दुधात मिळतात. तान्ह्याच्या दुधातून ती मिळवायची तर साडेतीन लिटर प्यावे लागेल. एवढे पोटात गेल्यावर दिवसभराची सारी ऊर्जा त्यातच भरते आणि भाकरीला जागाच राहत नाही. उतारवयात स्नायू झिजत असतात व प्रथिनांची निकड अधिक असते. नेमक्या त्याच वेळी आजीच्या पानातले वरण काढून हा पेला पुढे केला, तर तिची उपासमारच होते. फक्त ती महागडी आणि मायेने केलेली असते.

पचनाची गोष्टही उलटी आहे. दुग्धशर्करा पचविणारा पाचक रस तान्ह्याच्या आतड्यात भरपूर असतो. आपल्या देशातील पुष्कळांच्या बाबतीत तो मोठेपणी आटतो. म्हणून दुधाने पोट फुगते, पण दही-ताक सोसते. तान्ह्याच्या दुधात ही शर्करा गाईच्या दुधापेक्षाही अधिक. तेव्हा ज्याला साधे दूध सोसत नाही, त्याला हे सोसण्याचा संभव कमीच. हे दूध विषारी आहे असे मात्र कोणी समजू नये. चहात चमचाभर पडले म्हणून काही बिघडत नाही. आक्षेप आहे तो अन्नाच्या जागी ते नेमून देण्याला.

लहानांच्या अन्नाचा थोरांच्या पेल्यापर्यंतचा हा प्रवास तसा जुनाच. हॉर्लिक बंधूंनी १८७३ साली अमेरिकेतील शिकागो येथे धंदा मांडला, तो मुख्यतः तान्ह्यांसाठी व रुग्णांसाठी माल्टाचे अन्न करण्याकरिता. पुढे तेच पेय साऱ्या कुटुंबाचे झाले आणि आपल्याकडे तर पाहुण्यांसमोर ठेवण्याइतके प्रतिष्ठित ठरले. अशा पेयांना आंतरजालावरील दुकानांनी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात ठेवू नये, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला एप्रिल २०२४ मध्ये सांगावे लागले. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात त्या शब्दाची व्याख्याच नाही.

आपल्या बडोद्याजवळच्या आणंदची कहाणी यापेक्षा निराळी आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता अमूलने ती करून दाखविली. मैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने बसविलेल्या रीतीने त्याच दुधाचा शिशुआहारही तयार झाला. हे मोठे काम होते. आणि ते ज्यांना आईचे दूध मिळू शकत नाही अशा बालकांसाठी होते. १९९२ च्या कायद्याने या डब्यांच्या जाहिरातीस बंदी केली असून, आईचेच दूध सर्वोत्तम अशी सूचना डब्यावर छापणे बंधनकारक केले आहे. जो डबा बाळालाही दुय्यम असल्याची कबुली देतो, तो आजोबांना अमृत कसा ठरावा?

या वस्तूची मोल-महती अमेरिकेने २०२२ साली अनुभवली. जंतुसंसर्गाच्या संशयावरून मिशिगन राज्यातील स्टर्जिस येथील अ‍ॅबट कंपनीचा एक कारखाना फेब्रुवारीत बंद पडला आणि काही महिन्यांतच दुकानांतील फळ्या ओस पडल्या. परदेशांतून विमानांनी डबे आणवावे लागले. थोराला एक पदार्थ नसला तर दहा असतात. त्या बाळांना दुसरे काहीच चालण्यासारखे नव्हते.

म्हाताऱ्या माणसाला मऊ आणि हलके हवे, यात वाद नाही. त्याची सोय आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान् पिढ्या आहे: मुगाची मऊ खिचडी, मेतकूट-भात, नाचणीची आंबील, ताजे दही, चालत असल्यास अंडे. वजन उतरतच राहिले, किंवा मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. थोरांसाठी बनविलेली अन्नेही मिळतात. वडीलधाऱ्यांना मुलासारखे जपावे, पण त्यांच्या पानात मात्र थोरामोठ्यांचेच अन्न वाढावे.