कळफलक 'आपोआप' बदलतो?

मराठीच्या प्राध्यापककक्षात लिनक्सविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते: परिच्छेद रंगात आलेला असताना कळफलक 'आपोआप' बदलतो आणि देवनागरीच्या जागी भलतेच काही उमटू लागते. या 'आपोआप'ला आमचा आक्षेप आहे. यंत्राला लहर नसते. त्याला नियम असतात, आणि ते वाचता येतात.

ग्नोम या डेस्कटॉपमध्ये २०१२ सालच्या ३.६ आवृत्तीपासून आयबस ही लेखनप्रणाली अंगभूत आहे. तेथे आज सुपर कळ (अनेक कळफलकांवर तिच्यावर विंडोजचे चिन्ह असते, हा विनोदच) आणि स्पेसबार एकत्र दाबले की लेखनपद्धती बदलते. बोट चुकून पडले तरी बदलते. यादीत इंग्रजी व मराठी अशा दोनच पद्धती असतील, तर त्याच कळांनी परतता येते. तिसरी आली की घोटाळा होतो, कारण बदलाचा क्रम अलीकडे काय वापरले यावर ठरतो. इन्स्क्रिप्टच्या जोडीला आयट्रान्सही 'असू द्यावी' म्हणणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. इन्स्क्रिप्टमध्ये के आणि जे या कळांनी 'कर' लिहिले जाते; आयट्रान्समध्ये त्याच कळांनी 'क्ज्'. लिपी देवनागरीच राहिल्याने पद्धत बदलल्याचा संशयही येत नाही आणि बोल लागतो बिचाऱ्या फाँटला!

दुसरे कारण खिडक्यांचे. प्रत्येक खिडकीसाठी वेगळी पद्धत लक्षात ठेवण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर ब्राउझरमधून लेखाकडे येताच कळफलक पालटतो. केडीईमध्ये तर संपूर्ण संगणक, आभासी डेस्कटॉप, अॅप्लिकेशन आणि खिडकी असे चार पर्याय आहेत.

हे तंत्रज्ञांचे काम, आपले नव्हे, ही भूमिका आम्हांस मान्य नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद वर्गात तासभर समजावला जातो. पण तो 'ऱ' इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे या कळेवर आहे, हे क्वचितच सांगितले जाते. मग विद्यार्थी कंटाळून रोमन लिपीत मराठी लिहितो, किंवा प्रबंध टंकलेखकाच्या हवाली करतो आणि त्याच्या चुका आपल्या नावावर घेतो.

निदान विभागातील संगणकांवर दोनच पद्धती, सर्व खिडक्यांना एकच नियम आणि पडद्याच्या कोपऱ्यात चालू पद्धतीची खूण एवढी व्यवस्था मराठीच्या शिक्षकांनी स्वतः लावावी. त्याला अर्धा तास पुरतो.