धार मोजावी, मग बोलावे

‘इंटरनेट मंद चालते’ ही तक्रार दिल्ली, नोएडा वा गुरुग्राम येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही नित्याची झाली आहे. मुलाची ऑनलाइन परीक्षा चालू असता पडद्यावरील चित्र थिजले, की दोष तत्काळ कंपनीच्या माथी मारला जातो. परंतु दोष कोठे आहे, हे मोजल्यावाचून कसे कळावे?

शासकीय यंत्रणाही मोजमाप करते. १९९७ साली स्थापन झालेले दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘ट्राय’, गाडीत चाचणीचे फोन ठेवून राजधानीच्या रस्त्यांवर मोबाईल सेवेची परीक्षा घेववते. २०१६ साली त्याने ‘मायस्पीड’ हे अ‍ॅप नागरिकांच्या हाती दिले. जानेवारी २०२३ च्या नियमानुसार, ‘ब्रॉडबँड’ म्हणवणाऱ्या जोडणीस सेकंदाला किमान २ मेगाबिट गती देता आली पाहिजे.

मोजण्याची रीत सोपी आहे. नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते हे आपण पाहतो; तद्वत् ‘आयपर्फ’ हे विनामूल्य साधन एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कृत्रिम माहितीचा लोंढा सोडते. सामान्यतः दहा सेकंदांत किती माहिती पोहोचली, त्यावरून गती काढली जाते.

आता मार्गाचे दोन भाग करावे. प्रथम एक संगणक तारेने राउटरला जोडावा, दुसरा वायफायवर ठेवावा व या दोहोंमधील गती मोजावी. ती कमी भरली, तर दोष घरातच आहे: मधली जाड भिंत किंवा शेजारच्या सदनिकांतील वायफायची गर्दी. नंतर तारेने जोडलेल्या संगणकावरून बाहेरच्या सर्व्हरपर्यंतची गती मोजावी. येथेही उणीव आढळली, तरच कंपनीला जाब विचारावा.

आकडे वाचताना एक भेद ध्यानी असू द्यावा. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात. यात फसवणूक नाही. मात्र याच गतीने दहा सेकंदांची एक चाचणी १२५ मेगाबाइट खर्च करते. तेव्हा मोबाईलच्या मोजक्या डेटावर ती वारंवार करू नये.

सकाळ, दुपार व रात्र अशा तिन्ही वेळांचे आकडे आठवडाभर तारीखवार वहीत टिपावे आणि तक्रारीसोबत जोडावे. अशा तक्रारीला मोघम उत्तर देणे कोणासही कठीण जाते.