पट्टा किती लांब हवा?

आमच्या ऑफिसच्या अमेरिकेतल्या टीममध्ये दोघे जण आहेत. दर हिवाळ्यात त्यांचा एकच वाद चालतो. स्नोमोबाईलचा पट्टा 146 इंची घ्यावा की 165 इंची? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. पुढे दोन स्की, मागे चाकाऐवजी गोल फिरणारा रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्यावर अडीच-तीन इंच उंचीची रबरी दातेरी पाती. इंचांचा आकडा म्हणजे त्या पट्ट्याचा पूर्ण घेर. डोंगरातल्या भुसभुशीत ताज्या बर्फासाठी 146, 154, 165, 175 अशा मापांचे पट्टे मिळतात.

आता मी मंडणगड तालुक्यातला माणूस. बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर :-) पण हा वाद जितका ऐकतो तितकं वाटत जातं की हा तर आमच्या वाडीतलाच वाद आहे. फक्त बर्फाच्या जागी चिखल.

झालंय असं की आमच्या वाडीतल्या शेतकऱ्यांचा एक गट आहे आणि गटाला भातशेतीसाठी यंत्र घ्यायचंय. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदान मिळतं, बाकीचे पैसे गटाने घालायचे. चुलत भावाचं म्हणणं, पट्ट्यावर चालणारा मोठा हार्वेस्टर घेऊ. काकांचं म्हणणं, दोन छोटे टिलर घ्या. आणि मी पुण्यात बसून कॉम्प्युटर चालवतो म्हणून दोघेही मला फोन करून विचारतात, "तू इंजिनीअर ना, तूच सांग." (सॉफ्टवेअरवाल्याला गावात पंखा दुरुस्त करण्यापासून सगळं यावं लागतं, हा अनुभव तुम्हालाही असेल.)

तर सांगतो. माझं मत काकांच्या बाजूने आहे. पण का, ते नीट मांडलं पाहिजे, कारण भावाचा मुद्दा अजिबात बावळट नाही.

आधी थोडं गणित करू. सगळे आकडे ढोबळ आहेत. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की तळव्याखाली साधारण 150 चौरस सेंटिमीटर जागा येते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 400 ग्रॅम भार. स्नोमोबाईल स्वारासकट साडेतीनशे किलो धरा. पट्ट्याचा निम्म्याहून कमी भाग जमिनीला टेकतो, तरी भार जेमतेम 60 ग्रॅम पडतो. माणूस जिथे कमरेपर्यंत रुतेल तिथे ही तरंगते. पट्टा जितका लांब तितकी जास्त तरंगणार. भाताचा पट्टेवाला हार्वेस्टर घ्या. तीन टनांचं धूड, पण दोन रुंद पट्ट्यांवर वजन पसरलं की भार येतो 200 ग्रॅम. म्हणजे माणसाच्या पायाच्या निम्मा! भाऊ म्हणतो की ट्रॅक्टर रुतेल तिथे हा रुतणार नाही, ते शंभर टक्के खरं.

ही युक्ती जन्मालाच अशा जमिनीत आली. कॅलिफोर्नियात स्टॉक्टन गावाजवळ नदीच्या मुखाची दलदलीची जमीन होती. तिथे वाफेचे ट्रॅक्टर रुतायचे, म्हणून बेंजामिन होल्टच्या कारखान्याने चाकं रुंद, अजून रुंद करत नेली, इतकी की ते ट्रॅक्टर वळवणं आणि वाहून नेणं मुश्किल झालं. शेवटी 1904 च्या नोव्हेंबरात त्याने मागची चाकं काढून पट्टे बसवले आणि तो ट्रॅक्टर चालला. पुढे त्यातूनच कॅटरपिलर कंपनी झाली. कॅनडात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए याचं दोन वर्षांचं मूल 1934 च्या हिवाळ्यात गेलं, कारण बर्फामुळे दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. त्याने 1937 मध्ये बर्फावरच्या पट्ट्याच्या गाडीचं पेटंट घेतलं, आणि 1959 मध्ये त्याच्या कंपनीची स्की-डू ही छोटी स्नोमोबाईल बाजारात आली. थोडक्यात काय, जमीन भार पेलत नसेल तर भार पसरा. हा नियम पक्का.

आता ह्याच नियमाने बैल तपासू. तीनशे किलोचा बैल, चालताना तीन खूर जमिनीवर. दर चौरस सेंटिमीटरला सव्वा ते दीड किलो भार! स्नोमोबाईलच्या वीसपट. गणिताप्रमाणे बैल चिखलात पार गाडला गेला पाहिजे. पण आमच्याकडे शेकडो वर्षं चिखळणी बैलांनीच केली. मग गणित चुकलं कुठे?

चुकलं कुठेच नाही. बैल रुततोच. पण वीतभर रुतला की खाली त्याला कठीण तळ लागतो आणि तो त्या तळावरून चालतो. वर्षानुवर्षं चिखळणी करून भातशेताच्या चिखलाखाली घट्ट थर बसलेला असतो. वर लोणी, खाली दगड. शिवाय बैलाचा खूर दुभंगलेला. खाली जाताना पसरतो, वर येताना मिटतो, त्यामुळे चिखलात पाय ओढून धरला जात नाही. टिलरला लावतात ती लोखंडी पात्यांची पिंजऱ्यासारखी चाकं हेच काम करतात. पातं चिखल कापत तळापर्यंत जातं आणि तिथे पकड घेतं.

इथे बर्फ आणि चिखल वेगळे होतात. डोंगरातल्या ताज्या बर्फाला हाताशी तळ नसतो. दोन-दोन मीटर नुसता भुसा. तिथे तरंगण्यावाचून गत्यंतर नाही. भातशेताला तळ असतो. तिथे तरंगण्याची गरजच कमी, तळ गाठून चाललं तरी भागतं. केरळात कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीखालची शेतं आहेत, मऊ जमीन आणि मोठी सपाट खाचरं. तिथे पट्ट्याच्या हार्वेस्टरला तोड नाही. मंडणगड म्हणजे कुट्टनाड नव्हे. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण जमीन जांभ्याची, डोंगर उताराची. पाणी अडवायला उतारावर पायऱ्या पायऱ्यांचे कुणगे केलेले. तो कडक तळ आहे म्हणूनच पाणी ठरतं. तीन टनांच्या यंत्राने ओल्या जमिनीत जागच्या जागी चार वेळा वळणं घेतली की तळाची काय अवस्था होईल याचा विचार माहितीपत्रकात नसतो.

आणि वळणाचंच खरं दुखणं आहे. अमेरिकेतले आमचे मित्र सांगतात, 175 चा पट्टा मोकळ्या उतारावर राजा, पण झाडीत शिरलं की वळता वळत नाही. तिथे 146 वाला पुढे निघून जातो. आमचा एक नमुन्याचा कुणगा घ्या. दोन गुंठे, 18 फूट रुंद, 120 फूट लांब. हार्वेस्टरच सुमारे 16 फूट लांब. आत वळवायचा कसा, सांगा!

"तासाला एक एकर" असं विकणारे सांगतात. सांगू देत. एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजे आमचे 20 कुणगे, म्हणजे 19 वेळा बांध ओलांडणं. संगणकवाल्यांना लगेच कळेल. 40 एमबीची एक फाईल कॉपी करा, आणि 4 केबीच्या दहा हजार फायली कॉपी करा. डेटा तेवढाच, वेळ बघा किती लागतो ते. काम कमी, उठाठेव जास्त. त्यात बांध ओलांडताना 200 ग्रॅमचं गणित कोलमडतं. माथ्यावर यंत्र आलं की पट्ट्याचा हातभर भागच टेकतो आणि सगळे तीन टन तेवढ्यावर. दगडी बांध असेल तर दगड खाली. काकांचं एक वाक्य मला फार आवडलं. म्हणाले, "अरे, शेतात चालतंय की नाय ते मागनं बघू. आधी शेतापर्यंत जाऊ दे." आमच्या वरच्या कुणग्यांना जायला पायवाट आहे, तीही ओढ्यातून. शंभरेक किलोचा छोटा टिलर चौघांनी बांबू लावून बांधावरून उचलून नेता येतो. हार्वेस्टर उचलायला हनुमान लागेल.

आता भावाची बाजू. तो म्हणतो, "दादा, चिखळणीचं जाऊ दे. कापणीला माणूस कुठाय? तुम्ही सगळे मुंबई-पुण्याला. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की उभं भात आडवं होतं, तेव्हा कोण येतो?" ह्याला माझ्याकडे तोंडदेखलं उत्तर नाही. कापणी खरंच अडते. पण त्याला उपाय आहे. कापणीचं छोटं हातात धरून चालवायचं यंत्र आणि वेगळं मळणीयंत्र. दोन पायऱ्यांचं काम, थोडा वेळ जास्त, पण प्रत्येक कुणग्यात पोचणारं. आणि भारजा नदीच्या काठाला जे मोठे सपाट मळे आहेत तिथे हार्वेस्टर भाड्याने आणा की! वर्षातून तीन-चार दिवसांसाठी हत्ती पाळायची गरज नाही.

दुसरा मुद्दा येतो, बांध काढून कुणगे मोठे करा. एकाच घरचे असतील आणि उंचीत चार-सहा इंचांचाच फरक असेल तर जरूर करा. पण दोन कुणग्यांत कंबरभर फरक आणि सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत... तिथे यंत्रासाठी जमीन बदलायला निघालात तर दहा वर्षं मोजणीतच जातील.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गटाने मोठं यंत्र घेतलं तर ते खालच्या, रस्त्यालगतच्या आणि मोठ्या शेतांत चालणार. वरचे कुणगे आपोआप पडीक राहणार. आता तुम्ही म्हणाल, राहू देत, वरच्यांचं उत्पन्न ते किती? पण उतारावरची शेती ही माळेसारखी असते. वरचा कुणगा सुटला की त्याचा बांध कोणी बघत नाही. खेकडे भोकं पाडतात, एका पावसात बांध फुटतो, आणि तिथून सुटलेलं पाणी खालच्या लावणीवर माती आणून टाकतं. दोन-चार वर्षांत खालचाही बांध जातो. म्हणजे ज्या शेतांसाठी यंत्र घेतलं तीच शेतं यंत्राच्या निवडीमुळे धोक्यात. वरच्या कुणग्यांत जोत बंद झालंय ते बैल परवडत नाहीत म्हणून. त्यांची जागा जे यंत्र घेणार असेल त्याने बैल जात होता तिथे गेलंच पाहिजे. माझी तरी एवढीच अट आहे.

म्हणून दोघांनाही मी सारखंच सांगितलंय. अर्ज भरण्याआधी एक दिवस टेप आणि काठी घेऊन निघा. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा मोजा. सगळ्यात छोटा कुणगा मोजा. बांधांची उंची मोजा. आणि पाऊस लागला की चिखलात काठी खुपसून तळ किती खोल लागतो ते दहा ठिकाणी बघा. तळ वीतभर असेल तर पिंजऱ्याची चाकं पुरे. मांडीपर्यंत लागत नसेल तर पट्ट्याचा विचार करा, आणि तोही वळेल एवढ्याच लांबीचा. हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी विचारा.

भाऊ अजून कुरकुरतोय. पण काल त्याने फोनवर आकडा सांगितला, वाटेतली अरुंद जागा साडेतीन फूट. मोजायला स्वतः गेला होता म्हणे. आता टिलरची रुंदी किती ते तोच शोधतोय.