राखेची वीट आणि जवळची बाजारपेठ

सिहोऱ्यासारख्या धानपट्ट्यात भाजलेल्या विटेची किंमत ठरते, तेव्हा बांधीतून कायमची गेलेली सुपीक माती कोणी हिशेबात धरीत नाही. भट्टीच्या धुराची तर गोष्टच सोडा. शहरी बांधकामाचा कर्बभार कमी करणारा व्यवसाय या चुकलेल्या हिशेबातूनच उभा राहू शकतो. वैनगंगेपलीकडे तिरोड्याचे ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रांच्या राखेत वाळू व थोडे सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून, पाणी मारून मुरविलेल्या विटेला भट्टी लागतच नाही.

मात्र नागपूरची स्वप्ने रंगविण्यात अर्थ नाही. कोराडी-खापरखेड्याची राख त्या शहराच्या उंबरठ्यावरच आहे, आणि वजनाच्या मानाने वीट हा स्वस्त माल. नफा गाडीभाड्यातच जिरेल. सिहोऱ्याचे गिऱ्हाईक तुमसर, तिरोडा, गोंदिया, भंडारा येथेच शोधावयास हवे.

राखेच्या वापराविषयी केंद्र शासनाची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के विनियोगाची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली. परंतु सक्तीने राख मिळेल, भांडवल मिळणार नाही. नगरपरिषदांनी निविदांत ही वीट स्पष्टपणे मागितली, तरच बँक यंत्रासाठी कर्ज देण्यास धजेल. पावसाळ्यात भट्टी विझली की तिच्यावर राबणाऱ्या मजुराचा रोजगारही थांबतो. छपराखालच्या यंत्राला ती अडचण नाही.